काल्याची वाट
(प्रस्तावना)

मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ म्हणजे म्हाइंभटांनी सिद्ध केलेले 'लीळाचरित्र'. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, चक्रधरस्वामी गेल्यावर, ज्याच्या त्याच्याकडे जाऊन, ऐकून, पडताळून या आठवणी गोळा झाल्या. महानुभाव पंथाचा धर्मग्रंथ म्हणून त्याचा अभ्यास होतो आणि तो व्हायलाच हवा. पण नुसता वाचक म्हणून त्याची पाने उलटली तर तीन गोष्टी सतत भेटत राहतात. स्वामी या गावाहून त्या गावाला चालत निघाले. वाटेत एखाद्या देवळात मुक्काम पडला, शिष्या बाइसांनी जेवणाची व्यवस्था केली. मग महदाइसा या दुसऱ्या शिष्येने काही विचारले आणि बोलणे सुरू झाले. चालणे, जेवणे, बोलणे. पैठणपासून लोणारपर्यंत आणि गोदाकाठापासून वऱ्हाडातल्या ऋद्धिपूरपर्यंत याच क्रमाने सारे घडते. तत्त्वज्ञानसुद्धा याच ओघात येते. त्यासाठी वेगळी बैठक घालावी लागत नाही.

परभणी जिल्ह्यातल्या सेलूच्या मित्रमंडळींचे हे लेख वाचताना मला वारंवार 'लीळाचरित्र' आठवले ते या क्रमामुळे. योग्यतेची तुलना करण्याचा प्रश्नच नाही. पण ज्या सुखाबद्दल हे लेखक लिहीत आहेत ते आपल्या भाषेला तिच्या पहिल्या गद्यापासून ओळखीचे आहे, एवढे सुरुवातीलाच सांगितले पाहिजे. चार मित्रांनी रविवारी पहाटे उठून शिवारात जायचे, बरोबर नेलेले खायचे आणि उन्हे चढेपर्यंत बोलायचे, याला आपल्याकडे रिकामटेकडेपणा म्हणायची पद्धत आहे. मला ती मान्य नाही. या तीन गोष्टी एकत्र आल्या की जे तयार होते त्याला आपल्या परंपरेत एक नाव आहे, काला. प्रत्येकाने आपापली शिदोरी आणायची, एकत्र कालवायची आणि वाटून खायची. माझे म्हणणे इतकेच, की या काल्यात वाट आणि बोलणे हेही दोन जिन्नस आहेत. त्यांतला एक काढला की उरलेल्या दोघांची चव जाते.

सेलूचा भूगोल या म्हणण्याच्या बाजूने आहे. हैदराबाद–मनमाड रेल्वे १९००च्या सुमारास सुरू झाली, सेलूला स्टेशन मिळाले आणि पुढे कापसाच्या बाजारामुळे गाव वाढले. चहूबाजूंना काळी जमीन. क्षितिजापर्यंत नजर जाते आणि तिला अडवायला डोंगर नाही. इथल्या भटक्याला राजगड नाही, हरिश्चंद्रगड नाही, चढून गेल्यावर झेंडा लावावा असा माथा नाही. आहे ते सगळे सपाटीवर, झाडांच्या आडोशाला किंवा जमिनीच्या पोटात. तालुक्यातल्याच वालूरची बारव पाहा. गोल विहीर आणि तिच्या आतून वळसे घेत पाण्यापर्यंत उतरणाऱ्या पायऱ्या. जवळ जाईपर्यंत दिसत नाही आणि दिसली की माणूस कडेवरच थांबतो. वर्षानुवर्षे कचरा आणि झुडपांनी भरलेली ही बारव गावकऱ्यांनी स्वतः उपसली, स्वच्छ केली. जिंतूर–जालना रस्त्यावरचे चारठाणा जुन्या देवळांनी, कोरीव खांबांनी भरलेले आहे. जिंतूरजवळ नेमगिरीच्या टेकडीत जैन गुंफा आहेत. पाथरी तालुक्यात मुद्गलेश्वराचे देऊळ गोदावरीच्या पात्रातच उभे आहे. मंठ्यावरून पुढे गेले की लोणारचे सरोवर. उल्केच्या आघाताने झालेले, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर २०२०पासून रामसर यादीत आहे. आणि घराजवळच हवे असेल तर निम्न दुधना प्रकल्पाचे पाणी आहे, ब्रह्मवाकडीच्या बाजूला.

यांतल्या एकाही ठिकाणी पोहोचायला दोर लागत नाही. म्हणून मराठवाड्यातला माणूस चालायला निघतो तेव्हा किती उंच गेलो हे सांगण्यासारखे त्याच्याकडे काही नसते. कोणाबरोबर गेलो, कुठे बसलो, काय खाल्ले आणि काय बोललो, हेच तो परत येऊन सांगतो. सह्याद्रीतल्या भटकंतीपेक्षा इथली भटकंती वेगळी होते ती इथे.

नव्या वाचकासाठी मराठी चालण्याचा पट थोडा उलगडतो. सगळ्यांत मोठा आणि जुना प्रवाह वारीचा. आळंदी-देहूच्या पालख्या सर्वांना ठाऊक असतात, पण आमच्या जिल्ह्यातून शेगावच्या गजानन महाराजांची पालखी परभणी, गंगाखेड असा मार्ग धरून पंढरपूरला जाते आणि गंगाखेड तर जनाबाईंचे गाव. वारीत चालणे शिस्तीचे असते. दिंडीतली जागा ठरलेली, विसाव्याची ठिकाणे ठरलेली, कोणत्या गावाने कोणते जेवण द्यायचे तेही पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले. या चालण्यावर आधुनिक मराठीत दोन फार महत्त्वाची लेखने झाली. इरावती कर्वे यांचा 'परिपूर्ती'तला वारीवरचा लेख आणि दि. बा. मोकाशी यांचे 'पालखी'. मोकाशी १९६१ साली ज्ञानेश्वरांच्या पालखीबरोबर चालले आणि श्रद्धा असो-नसो, पायांना काय होते, मनाला काय होते, हे त्यांनी प्रामाणिकपणे लिहिले. या संग्रहातल्या लेखकांनी ते पुस्तक वाचले असो वा नसो, त्यांची जात तीच आहे.

दुसरा प्रवाह दुर्गभ्रमणाचा. तो शिवचरित्राच्या ओढीने सुरू झाला, गो. नी. दांडेकरांनी त्याला भाषा दिली आणि मुंबईच्या 'गिरिविहार' (१९५४), पुण्याच्या 'गिरिप्रेमी' (१९८२) यांसारख्या संस्थांनी त्याला तंत्र दिले. 'गिरिप्रेमी'च्या गिर्यारोहकांनी २०१२ साली एव्हरेस्ट गाठले, ही या प्रवाहाची अभिमानाने सांगावी अशी मजल. यात इतिहास आहे, शरीराची कसोटी आहे. मात्र त्याचा एक दुष्परिणामही झाला. भटकंती म्हणजे सह्याद्री आणि सह्याद्री म्हणजे पुणे-मुंबई-नाशिक, असे समीकरण वाचकांच्या मनात घट्ट बसले. गोदावरी-पूर्णेच्या खोऱ्यात चालण्यासारखे काही आहे हे आमच्याच मुलांना पटेनासे झाले.

तिसरा प्रवाह शिवारातल्या चालण्याचा. त्याला संस्था नाही, नाव नाही. शेतकरी रोज तेच करतो, त्यामुळे त्याला छंद म्हणायचे कुणाच्या डोक्यात येत नाही. तरी मराठी साहित्याने या चालण्यातून भरपूर घेतले आहे. व्यंकटेश माडगूळकरांचा माणदेश, ना. धों. महानोरांचे रान, दुर्गा भागवतांचे 'ऋतुचक्र' आणि आमच्या परभणीच्या इंद्रजित भालेरावांची 'पीकपाणी'तली कविता, ही सगळी बांधावरून चाललेल्या माणसांची निर्मिती. सेलू तालुक्यातल्याच गुगळी धामणगावचे आसाराम लोमटे यांच्या 'आलोक' या कथासंग्रहाला २०१६चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. शिवार म्हणजे नुसते सुख असे ज्यांना वाटते त्यांनी त्या कथा आधी वाचाव्यात. हा संग्रह त्याच शिवारातून चालतो आणि जिथे बांधावर बसून जेवायचे तिथल्या शेतकऱ्यावर कर्ज आहे, हे विसरत नाही. मला त्याची ही बाजू फार मोलाची वाटते.

एकट्याने चालावे की सोबतीने, हा वाद जगभर चालत आला आहे. इंग्रज निबंधकार विल्यम हॅझलिटने १८२२च्या निबंधात एकट्याची बाजू घेतली. निसर्गात असताना त्याला बोलणारा सोबती नको असे. त्याच इंग्लंडात लेस्ली स्टीफनने १८७९ साली लंडनमध्ये मित्रांचा एक गट जमवला. वकील, प्राध्यापक, लेखक रविवारी मैलोन्‌मैल चालायचे आणि चालताना वाद घालायचे. 'संडे ट्रॅम्प्स' या नावाने तो गट ओळखला गेला. मला हॅझलिट समजतो, पण माझे मत स्टीफनच्या पारड्यात आहे. एकट्याच्या चालण्याने मन निवते. माणूस उलगडतो तो सोबतीच्या चालण्याने.

जेवणाच्या वेळी तर सोबतीला पर्यायच नाही. काल्याची कथा भागवतातली. गोपाळांनी घरून आणलेल्या शिदोऱ्या कृष्णाने एकत्र केल्या आणि सर्वांना वाटल्या. वारकऱ्यांनी ती कथा विधीत उतरवली. सप्ताहाचा शेवट काल्याच्या कीर्तनाने होतो आणि आषाढी पौर्णिमेला गोपाळपूरला काला झाल्याशिवाय वारी पुरी होत नाही. विधीत जे सोपे वाटते ते व्यवहारात अवघड गेले, हेही इथेच नोंदवायला हवे. इरावतीबाईंनी त्यांच्या दिंडीतल्या ब्राह्मण आणि मराठा मंडळींच्या वेगळ्या पंगती पाहिल्या आणि त्याची खंत लिहून ठेवली. एका विठ्ठलाकडे जाणारी, एकाच अभंगावर पाऊल टाकणारी माणसे चुलीपाशी वेगळी होत होती. त्याच्या शंभर वर्षे आधी, १८४९ साली, मुंबईत परमहंस सभा निघाली. जातिभेद न मानणाऱ्या तरुणांनी जातीबाहेरच्या हातचे खायचे, हा तिचा मुख्य आचार. ती गुप्त होती. १८६०च्या सुमारास सभासदांची यादी चोरीला गेली आणि नावे उघड होतील या धास्तीने सभा मोडली. एका घासाला एवढे भय होते.

म्हणून या पुस्तकातल्या डबे उघडण्याच्या प्रसंगांकडे मी हलके म्हणून पाहू शकत नाही. हे मित्र वेगवेगळ्या जातींचे, दोन-तीन धर्मांचे. कुणी शिक्षक, कुणी कापसाच्या आडतीवर, कुणी शिवणकाम करणारे, कुणी नुकतेच बँकेतून निवृत्त झालेले. गोणपाटावर बसले की डबे मध्ये सरकतात. एकाच्या डब्यात ज्वारीच्या पिठाचे धपाटे, तीळ आणि लसूण घालून थापलेले, दुसऱ्या दिवशीही मऊ. दुसऱ्याकडे दशम्या, तिसऱ्याकडे शेंगदाण्याची चटणी आणि कच्चे तेल. कुणाच्या घरचा दालचा. कुणी सकाळी सकाळी केलेला सुशीला आणतो. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, सुशीला म्हणजे भिजवून पिळलेले चुरमुरे, त्याला मिरची-कढीपत्त्याची फोडणी, वरून डाळव्याचे पीठ आणि लिंबू. परभणी-नांदेडकडचा हा नाश्ता पुण्याच्या हॉटेलांत मिळत नाही आणि मिळाला तरी त्याला ही चव येणार नाही. हिवाळ्यात करडईची कोवळी पाने बांधावर खुडून तिथेच घोळाणा होतो. कांदा, तिखट, मीठ, दाण्याचा कूट, झाले.

सगळ्यांत मोठा सण हुरड्याचा. त्यावर या संग्रहात बरेच आहे, त्यामुळे मी फक्त एक गोष्ट जवळून दाखवतो, कणीस केव्हा तोडायचे ती. ज्वारीचा दाणा आधी चिकात असतो. दाबला की पांढरे दूध येते. तेव्हा भाजले तर दाण्याचे पाणी होते. दाणा कडक झाला की भाजूनही उपयोग नाही. या दोहोंच्या मधले दिवस हुरड्याचे. सुरती, गूळभेंडी यांसारख्या वाणांचा दाणा गोड आणि बोंडातून सहज सुटणारा असतो. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठानेही हुरड्यासाठी 'परभणी वसंत' हा वाण काढला आहे. आगटीत गोवऱ्या पेटवायच्या, जाळ बसू द्यायचा आणि मग निखाऱ्यात कणसे खोचायची. भाजणाऱ्याने बोलण्यात भाग घ्यायचा, पण नजर कणसावरून हलू द्यायची नाही. हिरवा रंग जाऊन कणीस जरा काळवंडले की बाहेर. चटका बसत असतानाच ते हातावर चोळायचे, फुंकर मारून तूस उडवायचे आणि पहिली मूठ शेजाऱ्याला द्यायची. स्वतःच भाजून, स्वतःच चोळून, एकट्याने हुरडा खाणारा माणूस मी पाहिलेला नाही. भाजणारा वेगळा, चोळणारा वेगळा, चटणी वाटणारा वेगळा, असेच ते खाणे आहे. लातूर-धाराशिवकडच्या वेळा अमावास्येला सगळे गाव शेतात जेवायला जाते, भज्जी आणि आंबिलीची पंगत पडते. तेही याच घराण्यातले.

मराठीत पाकशास्त्राची पुस्तके कमी नाहीत. लक्ष्मीबाई धुरंधरांचे 'गृहिणीमित्र' १९१०चे, कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' १९७०ची. दोन्हींनी पिढ्या घडवल्या. पु. लं.सारख्या लेखकांनी खाण्यावर रसाळ लिहिले. मात्र त्यात घरातले स्वयंपाकघर आहे किंवा शहरातले हॉटेल आहे. बांधावरची आगटी आणि फडक्यात बांधलेली भाकरी यांच्यावर सलग लेखन फार थोडे आहे. हा संग्रह ती जागा काही प्रमाणात भरतो.

आता बोलणे. गप्पांचा इतिहास लिहिणे कठीण, कारण त्यांचे दप्तर कुणी ठेवत नाही. तरी मराठवाड्यात बोलण्याला एक वेगळे वजन आहे आणि त्याला कारण आहे. १७ सप्टेंबर १९४८पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. १९२९ साली निघालेल्या 'गस्ती निशान ५३' या फर्मानाने परवानगीशिवाय सभा घेणे बंद झाले. ज्या काळात पुण्यात वसंत व्याख्यानमालेला पन्नास वर्षे उलटून गेली होती, त्या काळात आमच्याकडे चार माणसांनी जाहीरपणे एकत्र बसून बोलणे हाच गुन्हा ठरू शकत होता. मग बोलणे ओसरीवर गेले, गणेशोत्सवाच्या मेळ्यांत गेले, वाचनालयांत आणि शाळांत गेले. सेलूचे नूतन विद्यालय हे अशा राष्ट्रीय वृत्तीच्या शाळांपैकी एक. १९३७ साली महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले ते परतूरला, आमच्याच रेल्वेमार्गावर. शेतातली हुरड्याची बैठक कुठल्या फर्मानात बसत नव्हती. त्या बैठकांत काय काय बोलले गेले असेल याचा अंदाज ज्याने त्याने करावा.

याच मातीने दोन मोठे बोलके लेखक दिले. बी. रघुनाथ (१९१३–१९५३) यांचा जन्म सातोन्याचा. सेलूहून जालन्याच्या दिशेला निघाले की सातोना लागते. नरहर कुरुंदकरांचे मूळ गाव कुरुंदा, तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातले, आता हिंगोलीत. कुरुंदकर लिहीत त्याहून जास्त बोलत. विद्यार्थ्यांशी, मित्रांशी, विरोधकांशी. आणि त्यांचा मृत्यूही १९८२ साली औरंगाबादला व्यासपीठावरच आला. त्यांच्या लेखांत जो समोरच्याला बरोबर घेऊन जाणारा सूर आहे तो गप्पांतून आलेला आहे, असे मला नेहमी वाटते.

चालताना होणारे बोलणे बैठकीतल्या बोलण्याहून निराळे असते. समोरासमोर नसल्याने डोळ्यांत पाहावे लागत नाही; दोघेही पुढे पाहत असतात. त्यामुळे घरात जे बोलवत नाही ते पाणंदीत बोलता येते. मुलाचे लग्न जमत नाही, भावाशी वाटणीवरून बोलणे बंद आहे, डॉक्टरांनी सांगितलेले घरी अजून सांगितलेले नाही. मध्येच ओढा येतो, चपला हातात घ्याव्या लागतात आणि विषय तिथेच सुटतो. बोलणाऱ्यालाही हायसे वाटते. पावसाळ्यात काळी माती बुटाला थराथराने चिकटते, पाऊल दुप्पट जड होते, बोलणे थांबते. या थांबण्यालाही किंमत आहे. या संग्रहातले काही उत्तम परिच्छेद अशा थांबलेल्या बोलण्यावर आहेत.

बायकांच्या चालण्याबोलण्याबद्दल स्वतंत्र लिहिले पाहिजे. वर महदाइसेचा उल्लेख केला. आद्य मराठी कवयित्री म्हणून आपण तिला ओळखतो, पण 'लीळाचरित्रा'त ती सर्वांत जास्त प्रश्न विचारणारी सोबतीण आहे. सातशे वर्षांपूर्वी एक बाई गुरूबरोबर चालते, विचारते, वाद घालते आणि ते लिहून ठेवले जाते. आज सेलूतल्या किती जणींना रविवारची पहाट स्वतःची म्हणता येते? पुरुष शिवारात जातात तेव्हा त्यांचे डबे कुणीतरी पाचला उठून भरलेले असतात. बायकांना परवानगी असते ती देवाच्या निमित्ताने. नवरात्रात पहाटे देवीला पायी जाणे, कार्तिकातले आवळीभोजन, वारी. निमित्त देवाचे, आणि त्यातून मिळणारे सुख मैत्रिणींचे. या संग्रहातले बायकांनी लिहिलेले लेख मला सर्वांत ताजे वाटले, कारण त्यांत कुठेही हे सुख गृहीत धरलेले नाही. ते मिळवलेले आहे आणि लिहिणारीला ते माहीत आहे.

हे सगळे आताच का, असे कुणी विचारील. कारण या सुखाचा आधारच खचत चालला आहे. आमच्या चालण्याची वाट म्हणजे पाणंद, दोन्ही बाजूंना बोरी-बाभळींची कुंपणे असलेला गाडीरस्ता. पाणंदींवर अतिक्रमणे झाली, बांध फोडून त्या पिकाखाली गेल्या आणि उरल्या त्यांतल्या कित्येक पावसाळ्यात चालण्याजोग्या राहत नाहीत. सरकार पाणंद रस्त्यांच्या योजना आणते. त्यांचा उपयोग शेतमालाला आहे, तसा चालणाऱ्यालाही आहे.

दुसरा आधार ज्वारी. सोयाबीन आणि कापसाने खरीप व्यापला, मागून हरभरा आला आणि रब्बीची ज्वारी मागे हटली. काढणीला मजूर मिळत नाही, ट्रॅक्टर आल्यावर बैल गेले आणि बैलांबरोबर कडब्याची गरजही कमी झाली. त्यात पाखरांचा प्रश्न. शिवारात सगळ्यांची ज्वारी असते तेव्हा पाखरांचा वाटा सगळ्यांत विभागून जातो. एकट्यानेच पेरली तर साऱ्या शिवारातली पाखरे त्याच्याच कणसांवर उतरतात आणि दिवसभर गोफण घेऊन माळ्यावर उभे राहूनही पीक हाती लागत नाही. ज्वारीलासुद्धा शेजार लागतो. शेजाऱ्याने पेरणे सोडले की उरलेल्यालाही सोडावे लागते. म्हणून आता हुरडा तिकीट काढून कृषी पर्यटन केंद्रात खायचा पदार्थ झाला आहे. त्यातून काही शेतकऱ्यांना चार पैसे मिळतात, याचा मला आनंद आहे. पण माणशी ठरलेल्या दरात, ठरलेल्या वेळेत, अनोळखी गर्दीत खाल्लेल्या हुरड्यात काला होत नाही, हेही खरे आहे.

तिसरा आधार स्वतः मित्र. तपोवन आणि देवगिरी एक्स्प्रेसने सेलूची दोन पिढ्यांची मुले मुंबई-पुण्याकडे गेली. काहींनी तिथे घरे केली. ती दिवाळीत येतात, दोन दिवस नातेवाइकांत जातात आणि मित्रांना भेटायचे राहून जाते. मोबाइलवर रोज सुप्रभात होते. त्याने खुशाली कळते. मित्राचा गुडघा दुखू लागला आहे, तो हळू चालायला लागला आहे, हे मात्र बरोबर चालल्यावरच कळते. शहरात गेलेल्यांना एकटेपण जाणवते असे आपण म्हणतो, पण गावात मागे राहिलेल्यांचे एकटेपण कमी नाही. पन्नाशी-साठीतल्या पुरुषाला मन मोकळे करायला माणूस उरत नाही. कर्जाच्या, नापिकीच्या काळात तर हे न बोलणे जिवावर बेतते. रविवारच्या फेरीने शेतीचे अर्थकारण सुधारणार नाही. पण ज्याच्याजवळ बोलता येते असा एक माणूस असणे आणि नसणे यांत फरक आहे, आणि मराठवाड्यात राहणाऱ्याला तो समजावून सांगावा लागत नाही.

हा संग्रह काय करू पाहतो ते आता थोडक्यात सांगतो. ही पर्यटनाची मार्गदर्शिका नाही. चारठाण्याच्या शिल्पांचा शास्त्रीय अभ्यास हवा असेल त्याने मूर्तिशास्त्राचे ग्रंथ पाहावेत. ही पाककृतींची वहीही नाही, जरी धपाट्याच्या पिठाचे प्रमाण दोन लेखांत वेगवेगळे आले आहे आणि संपादन करताना ते मुद्दाम तसेच ठेवले आहे. सेलूच्या आसपासच्या वाटा, त्या वाटांवरचे जेवण आणि त्या जेवणाभोवतीचे बोलणे, हे ज्यांनी अनुभवले त्यांच्याच शब्दांत नोंदवणे, एवढाच उद्देश आहे. लेखांचा क्रम ऋतूंप्रमाणे लावला आहे. दसऱ्यानंतर सुरुवात, पौष-माघात हुरडा, मग चैत्र-वैशाखातल्या पहाटे, जेव्हा आठ वाजताच ऊन अंगावर येते आणि घराची वाट धरावी लागते, आणि शेवटी चिखलाचे महिने. भाषा जिथे परभणीची आहे तिथे ती प्रमाण करण्याचा आग्रह धरलेला नाही. काही लेख कच्चे आहेत. ते वगळावेत असे मला एकदाही वाटले नाही, कारण त्यांच्या लेखकांनी आयुष्यात पहिल्यांदाच लेखणी हातात घेतली आहे आणि त्यांनी पाहिलेले दुसऱ्या कुणी पाहिलेले नाही.

वाचकांना तीन विनंत्या करतो. वालूरला गेलात तर बारवेच्या पायऱ्यांवर काही खाऊन कागद-पिशव्या टाकू नका. ती स्वच्छ करायला गावाचे हात लागले आहेत. कुणाच्या शेतात हुरड्याला बसलात तर कणसांचे पैसे त्या शेतकऱ्याला आपणहून द्या. तो मागणार नाही. आणि ज्या मित्राशी बोलून बरेच दिवस झाले आहेत त्याला या पुस्तकातला लेख वाचून दाखवण्यापेक्षा येत्या रविवारी पहाटे हाक मारा, डबा घेऊन यायला सांगा.